महिला-बालकल्याणाचा निधी निवारागृहाकडे कसा वळवायचा? (महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद)

नदीकाठ:

पुढच्या अर्थसंकल्पाची तयारी सुरू व्हायच्या आत हा धागा काढतेय, कारण फेब्रुवारीत जागं होऊन हाती काही लागत नाही. विषय एवढाच: घरातल्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बाईला राहायला जागा आणि तिच्या पाठीशी उभी राहणारी माणसं, यांसाठी स्थानिक संस्थेचा पैसा.

आजची साखळी अशी आहे. केंद्राच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या योजनेतून जिल्ह्याला सखी वन स्टॉप सेंटर मिळतं, म्हणजे हिंसाचार सोसलेल्या बाईला तातडीची मदत एकाच ठिकाणी देणारं केंद्र. त्याचा सगळा पैसा केंद्राचा, तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत येतो. तिथे मुक्काम जास्तीत जास्त ५ दिवस. त्यापुढे शक्ती सदन, म्हणजे जास्त दिवस राहण्यासाठीचं निवारागृह; पूर्वीच्या स्वाधार गृह आणि उज्ज्वला या दोन योजना एकत्र करून केलेली ही योजना. त्यात केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. आता सहाव्या दिवशी शक्ती सदनात जागा नसली, किंवा ते शेजारच्या जिल्ह्यात असलं आणि बाईची नोकरी, मुलांची शाळा, कोर्टाची तारीख सगळं इथेच असलं, तर ती जाते कुठे? बहुतेक वेळा परत त्याच घरी.

ही फट भरण्यापुरता पैसा स्थानिक संस्थांकडे राखीव आहे. महापालिका-नगरपरिषदेत ५ टक्के, जिल्हा परिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नाचे १० टक्के, शिवाय जिल्हा वार्षिक योजनेतले ३ टक्के महिला व बालविकासासाठी. हा पैसा जातो शिलाई मशीन, सायकली, घरघंट्या आणि मेळाव्यांत. मशीन कुणालाच नको असं मी म्हणत नाही. पण मशीन वाटायचं तर एकदा खरेदी केली की काम संपतं. निवारागृहात बाराही महिने पगार, किराणा आणि वीजबिल लागतं. वस्तूंसाठी घातलेल्या चौकटीत हे बसत नाही म्हणून पैसा असूनही मिळत नाही, असं माझं मत आहे.

जाणकारांनी कृपया नेमकं लिहावं: कोणत्या टेबलावर, कधी, काय मागायचं.

लेखापाल:

५ टक्के ऐकून थांबू नका, कशाचे ५ टक्के ते आधी विचारा. एकूण अर्थसंकल्पाचे, महसुली उत्पन्नाचे, की पगार, निवृत्तिवेतन, कर्जफेड असा बांधील खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचे? पाया बदलला की आकडा निम्म्यावर येऊ शकतो.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात महिला-बालकल्याणाचं पान काढा आणि ओळ आडवी वाचा. मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज, असे रकाने असतात. मूळ अंदाज भरघोस, सुधारित अंदाज अर्धा आणि प्रत्यक्ष खर्च त्याहूनही खाली असेल, तर पैसा कमी पडलेला नाही, वळवलेला आहे. सभागृहात वाचला जातो मूळ अंदाज. वर्षाअखेरीस पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव येतो आणि ही रक्कम दुसऱ्या कामावर जाते. तो ठराव मागून घ्या. निधीची चोरवाट बहुतेक तिथेच सापडते.

दुसरी गोष्ट लेखाशीर्षाची, म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्या खर्चाच्या स्वतंत्र ओळीची. ‘कौटुंबिक हिंसाचारपीडित महिलांसाठी निवारागृह व साहाय्य सेवा’ या नावाचं स्वतंत्र लेखाशीर्ष नसेल तर आयुक्तांची कितीही इच्छा असली तरी एक रुपया निघत नाही. म्हणून पहिल्या वर्षी रकमेवर अडून बसू नका, लेखाशीर्ष उघडून घ्या. नाममात्र तरतूद असली तरी वर्षभरात पुनर्विनियोजनाने त्यात भर घालता येते. मात्र दुसऱ्या वर्षीही नाममात्रच राहिली तर फसवणूक समजा.

माहिती अधिकारात (शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस) मागच्या तीन वर्षांचं इतकंच मागा: महिला-बालकल्याणाच्या प्रत्येक लेखाशीर्षाची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च, या शीर्षांतून बाहेर झालेल्या पुनर्विनियोजनाच्या ठरावांच्या प्रती, आणि ५ टक्के कशावर काढले त्याचं गणितपत्रक. ‘सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं.

पूर्वरंग:

अधिकाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं: निवारागृह हा राज्याच्या महिला व बालविकास विभागाचा विषय आहे, पालिकेचा नाही. त्याला काय म्हणायचं?

कायदेकानून:

पूर्वरंग, हे उत्तर टिकत नाही. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांत २५ वा विषयच महिला व बालविकास आहे. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे ९ वा विषय आहे तो समाजातल्या दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं आहेत आणि कलम ६६ मध्ये स्वेच्छाधीन. निवारागृह स्वेच्छाधीन कामांत बसवता येतं. म्हणजे ‘करता येत नाही’ हे चूक, ‘करणं सक्तीचं नाही’ एवढंच खरं. प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात हे लिहून टाका म्हणजे फाइल विधी विभागात चार महिने पडून राहत नाही.

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्यातलं कलम ६ सांगतं की पीडितेने, संरक्षण अधिकाऱ्याने (या कायद्याखाली पीडितेच्या मदतीला नेमलेला अधिकारी) किंवा सेवा पुरवणाऱ्या संस्थेने विनंती केली की निवारागृहाच्या प्रमुखाने आसरा द्यायचाच. २००६ च्या नियमांतला नियम १६ तर पाठ करून ठेवावा असा आहे. घरगुती घटना अहवाल, म्हणजे नमुना १, आधी भरलेला नाही या कारणावरून आसरा नाकारता येत नाही. आणि बाईने सांगितलं तर ती तिथे आहे ही गोष्ट समोरच्या पक्षाला कळवायची नाही. पालिकेच्या नियमावलीत ‘पोलीस तक्रारीची प्रत अनिवार्य’ अशी अट कुणी घातली तर ती या नियमाच्या सरळ विरुद्ध जाते.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना तालुका पातळीपर्यंत संरक्षण अधिकारी पदनिर्देशित करायला आणि निवारागृहं निश्चित करायला सांगितलं. त्याचा हवाला प्रस्तावात जरूर द्या.

ग्रामसभा:

ग्रामीण बाजू मांडतो.

जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीच्या योजना दोन गटांत आहेत, एक प्रशिक्षण व सक्षमीकरणाचा आणि दुसरा वस्तू खरेदीचा. महिलांसाठी समुपदेशन केंद्र चालवणं हे पहिल्या गटात आधीपासूनच आहे, म्हणजे नवीन लेखाशीर्षाची भांडणं नाहीत. पंचायत समितीच्या आवारात संस्थेमार्फत ही केंद्रं चालतात. घोडं पेंड खातं ते नूतनीकरणात. मंजुरी एका वर्षाची. ३१ मार्चला मुदत संपते, नवी प्रशासकीय मान्यता जून-जुलैत येते आणि मधले तीन महिने समुपदेशक बिनमानधनाची बसते किंवा काम सोडून जाते. गावातल्या बाईला तोंडओळख असलेली समुपदेशक गेली की ती केंद्राची पायरी पुन्हा चढत नाही. उपाय साधा आहे: तीन वर्षांचा करार, दर वर्षी कामाचा आढावा, आणि ‘नवीन आदेश होईपर्यंत मागील दराने मानधन चालू राहील’ हे एक वाक्य. ते एक वाक्य घालायला विसरू नका.

ग्रामपंचायतीने निवारागृह काढू नये, हे माझं स्पष्ट मत. गावात कोण कुणाकडे उतरलंय ते संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळतं. ग्रामपंचायतीने पहिली रात्र आणि प्रवास सांभाळावा. स्वउत्पन्न ८ लाख असेल तर १० टक्के म्हणजे ८० हजार. तालुक्याला किंवा सखी केंद्राला रात्रीची गाडी १,२०० रुपयांना पडते असं धरलं, तरी वर्षाच्या २० फेऱ्या २४ हजारांत होतात. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानेच आहे. तिथे ठराव घ्या, इतिवृत्तात लिहून घ्या आणि मग विकास आराखड्यात ओढा. व्हाउचरवर बाईचं नाव नको. ‘आपत्कालीन प्रवास, प्रकरण क्रमांक अमुक’ एवढं पुरतं, आणि गाडीवाल्याची सही.

केसकाम:

आता खर्चाचं. प्रस्ताव पडतात ते बहुतेक अंदाजपत्रक कच्चं असल्यामुळे. माणसं कमी दाखवून रक्कम छोटी केली जाते, मंजुरी मिळते आणि सहा महिन्यांत निवारागृह दमतं.

काळजीवाहकांपासून सुरुवात करा. आठवड्याचे तास १६८, एकीची ड्यूटी ४८ तास. भागाकार साडेतीन. रजा, आजारपण, सणवार धरून चार. तीन लिहिल्यात तर आठवड्यातल्या काही रात्री दाराशी कुणीच नसेल, किंवा एकच बाई सलग दोन पाळ्या करेल. नवरा दारावर लाथा मारायला येतो तो रात्रीच येतो.

नमुन्यादाखल ३० माणसांचं निवारागृह धरू, बायका आणि मुलं मिळून. आकडे आपापल्या गावाप्रमाणे बदला, रचना बदलू नका. चार काळजीवाहक आणि एक स्वयंपाकीण, प्रत्येकी १५ हजार, म्हणजे ७५ हजार. दोन समुपदेशक प्रत्येकी २५ हजार, ५० हजार. व्यवस्थापक ३० हजार. भविष्य निर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा मिळून साधारण २० हजार. जेवण, चहा-नाश्ता आणि मुलांचं दूध माणशी दिवसाला ८० रुपये धरून ७२ हजार. भाडं, वीज, पाणी, किरकोळ दुरुस्ती ४० हजार. आपत्कालीन हातखर्च २० हजार. महिन्याला झाले ३ लाख ७ हजार, वर्षाला ३६ लाख ८४ हजार. ७ हजारांचं एक धरलं तर ही ५२६ शिलाई मशीनची किंमत. समितीसमोर हा हिशेब असाच ठेवा. नगरसेवकांना मशीनचा भाव तोंडपाठ असतो, त्यामुळे तुलना लगेच पोचते.

हातखर्चाच्या २० हजारांवर लेखा विभाग नेहमी कात्री लावतो. लावू देऊ नका. बाई येते ती बहुधा अंगावरच्या कपड्यांनिशी. पहिल्या रात्रीच लागतं ते असं: कपड्यांचा एक जोड, सॅनिटरी पॅड, तान्ह्या बाळाला दूध पावडर आणि लंगोट, रक्तदाबाच्या गोळ्या, नवीन सिमकार्ड, दवाखान्यापर्यंतची रिक्षा. यातल्या कशासाठीही तीन कोटेशनं मागवता येत नाहीत. रक्कम अग्रिम म्हणून हातात हवी, महिन्याच्या महिन्याला बिलं देऊन पुन्हा भरून घ्यायची.

आणखी एक. ‘प्रति लाभार्थी प्रतिदिन’ दराने पैसे घेणं टाळा. १२ बायका असोत की ३, काळजीवाहक चारच लागतात. माणशी दराने अनुदान घेतलं की खाटा रिकाम्या राहिल्यावर पगार थकतात. मग खाट भरायची म्हणून बाईला गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवलं जातं, किंवा हिंसाचाराशी संबंध नसलेली प्रकरणं घेतली जातात. स्थिर खर्च तिमाहीच्या सुरुवातीला आगाऊ, आणि फक्त जेवण माणशी दराने, अशी विभागणी करा.

पूर्वरंग:

केसकाम ताई, पालिकेच्या बेघर निवाऱ्यातच दोन खोल्या द्या असं सुचवलं जातं. चालेल का? तिथे इमारत तयार आहे, अनुदानही आहे.

केसकाम:

नाही चालणार. शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा उद्देश वेगळा आहे. लाखभर लोकवस्तीमागे एक, ५० ते १०० माणसांचा, माणशी ५० चौरस फूट, असं त्याचं मान आहे. तो सापडायला सोपा असावा लागतो, त्यावर मोठा फलक असतो, रस्त्यावरच्या माणसाला कुणीही तिथे आणून सोडू शकतं. आपल्याला बरोबर उलटं हवं. नवऱ्याने शहरातले निवारे शोधायचे ठरवले तर बेघर निवारा त्याला तासाभरात सापडेल.

पण एक गोष्ट करता येते. बेघर निवाऱ्यात येणाऱ्या बायकांपैकी मारहाणीमुळे घर सोडलेल्या किती ते कुणी विचारतच नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारायची पद्धत शिकवणं आणि निवारागृहाचा फोन देणं, याला जवळजवळ पैसेच लागत नाहीत.

मुंबईकर_जुना:

महापालिकेने काय करता येतं याचा उत्तम दाखला मुंबईतच आहे: दिलासा. २००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून हिंसाचारपीडित बायकांसाठी हे समुपदेशन केंद्र सुरू केलं. पुढे ते रुग्णालयाच्या कामाचाच भाग झालं, आणि नंतर राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून मुंबईतल्या इतर रुग्णालयांत अशी केंद्रं निघाली.

यातली खुबी समजून घ्या. इमारत पालिकेची, डॉक्टर-परिचारिका पालिकेच्या, वाढीव खर्च फक्त समुपदेशकांचा आणि प्रशिक्षणाचा. बाई केसपेपर काढून आली तर घरी सांगायला कारणही तयार असतं. अपघात विभागात ‘पाय घसरून पडले’ म्हणणारीच्या दंडावर बोटांचे वळ असतील तर परिचारिकेने तिला पडद्याआड नेऊन एकटीला विचारायचं, नवरा किंवा सासू शेजारी असताना नाही. आणि रात्री जायला जागा नसेल तर निरीक्षणाखाली दाखल करून तिथेच सुरक्षित ठेवता येतं. निवारागृह उभं राहीपर्यंत हाच सगळ्यात स्वस्त मार्ग.

चूक होते ती डॉक्टरांच्या बदल्यांमुळे. प्रशिक्षण एकदाच दिलं तर दोन वर्षांत ते जिरून जातं. दर वर्षी पुन्हा प्रशिक्षणाची तरतूद लेखाशीर्षात हवी.

नदीकाठ:

हे फार मोलाचं. म्हणजे टप्पे असे पडतील: पहिल्या वर्षी रुग्णालयात केंद्र, लेखाशीर्ष आणि हातखर्च, दुसऱ्या वर्षी निवारागृह. आता लेखापरीक्षणाचं कुणी सांगेल का? ‘लाभार्थ्यांची यादी छायाचित्रासह जोडा’ म्हणतात तेव्हा काय करायचं?

लेखापाल:

हे आधी ठरवलं नाही तर शेवटी संस्थाच अडचणीत येते. वस्तुवाटपाच्या योजनेची कागदपत्रं डोळ्यांसमोर ठेवून अटी लिहिल्या जातात: आधार, शिधापत्रिका, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, वाटप करतानाचा जिओ टॅग फोटो. मध्यरात्री निघालेल्या बाईकडे यातलं काहीच नसतं, सगळं कपाटात, आणि कपाटाची किल्ली सासूकडे. जिओ टॅग फोटो म्हणजे तर निवारागृहाचा पत्ता अक्षांश-रेखांशासह कार्यालयाच्या संगणकावर.

मंजुरीच्या ठरावातच पुढची व्यवस्था लिहून घ्या. प्रत्येक प्रकरणाला सांकेतिक क्रमांक. दोन नोंदवह्या. एकीत क्रमांक आणि खरं नाव, ती निवारागृहाच्या कुलूपबंद कपाटात. दुसरीत क्रमांक, दाखल दिनांक, मुलांची संख्या, मुक्कामाचे दिवस, सोडल्याचा दिनांक, ती बिलाला जोडायची. लेखापरीक्षकाला पडताळणी करायचीच असेल तर त्याने येऊन पहिली वही पाहावी, प्रत किंवा फोटो घेऊ नये, आणि पाहिल्याची सही करावी. किराणा, औषधं, पगार यांची बिलं नेहमीसारखीच राहतात, त्यात गुप्त काही नाही. रहिवासाची अटच नको. शेजारच्या शहरातून जीव वाचवून आलेली बाई ‘आपल्या हद्दीतली नाही’ म्हणून परत पाठवायची का?

निविदेतही हेच. जाहिरातीत इमारतीचा पत्ता छापू नका, ‘महापालिका हद्दीतील इमारत’ इतकंच, आणि पत्ता निवडलेल्या संस्थेला करारासोबत. उद्घाटन, कोनशिला आणि निधीचा फलक यांवरून लोकप्रतिनिधी नाराज होतात, ते समजण्यासारखं आहे. त्यांना रुग्णालयातल्या केंद्राचं उद्घाटन द्या. तिथे फलक हवाच आहे.

केसकाम:

+१. आणि निविदा ‘सर्वात कमी दर’ या एकाच निकषावर काढू देऊ नका. खर्चातला मोठा हिस्सा पगारांचा, त्यामुळे कमी दर म्हणजे कमी पगार किंवा कमी माणसं, तिसरा मार्ग नाही. मनुष्यबळाची संख्या आणि किमान वेतन आधीच बांधून द्या. गुण द्या ते अनुभवाला, रात्रीच्या प्रवेशाच्या व्यवस्थेला आणि गोपनीयतेच्या आराखड्याला.

अहवालाचा नमुनाही तपासा. त्यात ‘तडजोड झालेली प्रकरणे’ असा रकाना सापडतो आणि त्यावरून केंद्राचं यश मोजतात. हे घातक आहे. समुपदेशकाला आकडा भरायचा दबाव येतो आणि ती बाईला समजावून परत पाठवते. त्या जागी हे मोजा: किती जणींचा सुरक्षा आराखडा, म्हणजे नमुना ५, भरला. किती नमुना १ दंडाधिकाऱ्यांकडे गेले. किती जणींना अंतरिम आदेश मिळाला. निवारागृह सोडल्यावर पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या महिन्यात किती जणींशी संपर्क झाला. रात्री आलेल्या किती फोनना जागा नाही म्हणावं लागलं. हा शेवटचा आकडा तर पुढच्या वर्षीच्या मागणीचा सगळ्यात मोठा पुरावा, आणि तोच कुणी लिहून ठेवत नाही.

टेम्सकाठी:

इंग्लंडमधला अनुभव तुलनेला ठेवते. इथे २०२१ च्या घरगुती अत्याचार कायद्याच्या चौथ्या भागाने वरच्या स्तरावरच्या स्थानिक संस्थांवर ही जबाबदारी सक्तीची केली. गरजेचा अंदाज घ्यायचा, धोरण छापायचं, सुरक्षित निवाऱ्यात मिळणाऱ्या मदतीची सोय करायची आणि दर वर्षी केंद्र सरकारला अहवाल द्यायचा. त्यासाठी पैसे केंद्राकडून येतात. ‘करता येतं’ आणि ‘करावंच लागतं’ यातला फरक इथे अर्थसंकल्पाच्या वेळी दिसतो. कात्री लागते तेव्हा सक्तीचं काम मागे राहतं आणि ऐच्छिक आधी जातं. तरी फट आहेच. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईच्या व्हिसावर ‘सरकारी मदत नाही’ अशी अट असते आणि मग निवारागृहाला तिचं भाडं कुठून भरायचं हा प्रश्न पडतो. आपल्या मुलीही त्यात सापडतात. अशा बाईसाठी तीन महिन्यांची खास सवलत आहे, तिच्यासाठी आधी अर्ज करायचा, हे इथल्या मराठी मंडळांनी सांगत राहायला हवं.

खाटा किती मागायच्या यालाही एक आधार आहे. महिलांवरच्या हिंसाचाराविरुद्धच्या युरोप परिषदेच्या इस्तंबूल कराराच्या स्पष्टीकरणात दर १० हजार लोकसंख्येमागे एका कुटुंबाची जागा असं मान दिलं आहे. ते महाराष्ट्राला लागू नाही, पण आकडा हवेतला नाही हे दाखवता येईल.

ग्रामसभा:

५ लाखांच्या शहराला ५० कुटुंबं झाली. इथे १० मिळाली तरी सुरुवात म्हणू.

पानवाट:

मुलांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. शक्ती सदनात आईबरोबर मुलगा १२ वर्षांपर्यंतच राहू शकतो. १४ वर्षांचा मुलगा असलेल्या बाईला दोनच पर्याय उरतात, मुलाला बालगृहात पाठवणं किंवा परत जाणं, आणि ती परत जाते. स्थानिक निधीचा सगळ्यात चांगला उपयोग मला इथे दिसतो: दोन-तीन भाड्याच्या खोल्या, सलग इमारतीत नव्हे, वेगवेगळ्या वस्त्यांत. ११ महिन्यांचा करार संस्थेच्या नावाने, बाईच्या नावाने नाही. अनामत आणि भाडं मंजूर रकमेत धरा, नाहीतर अनामतीवर लेखा विभाग आक्षेप घेतो.

शाळा तर स्थानिक संस्थांच्याच हातात आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे मुख्याध्यापकांना लेखी कळवून ठेवा. पण सांभाळायची खरी जागा पुढे आहे. ऑनलाइन प्रणालीत मुलाच्या बदलीची विनंती टाकली की ती जुन्या शाळेच्या लॉगिनला जाते, नव्या शाळेच्या नावासह. बाप जुन्या शाळेत जाऊन चौकशी करतो आणि पत्ता सापडतो. म्हणून आधी प्रवेश द्या, मूल वर्गात बसू द्या, आणि ऑनलाइन बदली शिक्षणाधिकाऱ्यांशी बोलून, जुन्या मुख्याध्यापकांना सूचना दिल्यावरच करा.

बँक खात्याचंही असंच. लाडकी बहीणचे १,५०० असोत की दुसरं अनुदान, पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात, आणि त्या खात्याचं कार्ड, पासबुक, मोबाइल नवऱ्याकडे असतो. नवं खातं उघडून आधार त्याला जोडून घ्यायचं, मोबाइल क्रमांकही नवा द्यायचा. जुन्या फोनवर संदेश जाईल हे बाईला आधी सांगा, अचानक कळायला नको. पहिल्या आठवड्यात हे करून देणारं माणूस निवारागृहात हवं. दोन समुपदेशकांपैकी एकीच्या कामात हे लिहून टाका.

नदीकाठ:

मसुदा आता असा धरते. लेखाशीर्ष: ‘कौटुंबिक हिंसाचारपीडित महिला व त्यांची मुले यांसाठी निवारा व साहाय्य सेवा’. उपशीर्षं चार: रुग्णालय केंद्र, निवारागृह, भाड्याच्या खोल्या, आपत्कालीन अग्रिम. तीन वर्षांचा करार, तिमाही आगाऊ रक्कम, सांकेतिक क्रमांकांची वही, रहिवास आणि तक्रारीची अट नाही, मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी लेखी व्यवस्था. प्रस्ताव ऑक्टोबरात विभागाला, प्रत आयुक्तांना आणि समितीला. काही राहिलं का?

कायदेकानून:

विधी सेवेच्या ओळीत ‘उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय’ हे शब्द घाला. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, तरी दाखला मागितला जातो.

केसकाम:

फोन राहिला. निवारागृहाचा रात्रीचा क्रमांक संस्थेच्या किंवा पालिकेच्या नावावर घ्या, काळजीवाहकाच्या वैयक्तिक नावावर नको. ती काम सोडून गेली की क्रमांक तिच्याबरोबर जातो, आणि पोलीस ठाण्याच्या भिंतीवर, १८१ या महिला हेल्पलाइनवाल्यांच्या यादीत, अपघात विभागाच्या टेबलावर जुनाच चिकटवलेला राहतो. दर तीन महिन्यांनी या तिन्ही ठिकाणांहून रात्री दहानंतर एकदा फोन लावून पाहायचा आणि कुणी किती घंटांनी उचलला ते वहीत लिहायचं, हेही करारात टाका.

नदीकाठ:

टाकते. दोन्ही.